पैसा येतो कुठून, हे विचारणारी बाई

(पनवेल तालुक्यातल्या महिला बचत गटांसाठी सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

दुपारची भांडी आवरून, जरा पाठ टेकवून तुम्ही हा कार्यक्रम ऐकत असाल. कुणी भाजी निवडत असेल, कुणी बाजारातून परतताना रिक्षात फोनवर ऐकत असेल. आज मी तुम्हाला एका वर्तमानपत्रातल्या बाईची गोष्ट सांगणार आहे. सुचेता दलाल हे त्यांचं नाव. त्यांना पद्मश्री मिळाली, त्यांच्या बातमीवरून पुढे मालिकाही निघाली. पण पुरस्कार मिळाले म्हणून मी त्यांच्याबद्दल बोलत नाही. त्यांनी जो प्रश्न विचारला तो आपल्या गटातल्या एका आजीनंही विचारला होता. फरक एवढाच, की सुचेताताई त्या प्रश्नाच्या मागे गेल्या आणि आम्ही आजीला हसलो.

म्हणून आधी आमची गोष्ट सांगते. सांगताना अजूनही मान खाली जाते, पण सांगायलाच हवी.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटात आम्ही १२ जणी होतो. महिन्याला १०० रुपये बचत. २० महिन्यांत २४,००० रुपये जमले. मी गटाची सचिव. त्या वेळी आमच्याकडे एक ओळखीचा माणूस यायचा. दुकानदारांकडून रोजचे पैसे गोळा करायचा. चांगला बोलायचा, सणाला घरी यायचा, पोरांना नावानं हाक मारायचा. तो म्हणाला, बँकेत पैसे ठेवून काय मिळतं ताई? आमच्या योजनेत ठेवा, दीड वर्षात दुप्पट. पावती छापील, वर शिक्का, खाली सही. आम्ही बैठकीत विषय घेतला. सगळ्या तयार. फक्त आमच्यातली सर्वांत वयस्कर आजी म्हणाली, "अगो, तो एवढं व्याज देतो म्हणता, मग तो पैसा आणतो कुठून?"

आम्ही हसलो. म्हटलं, आजी, तुला नाही कळायचं ते.

पहिले दोन महिने त्यानं व्याज हातात आणून दिलं. तिसऱ्या महिन्यात उद्या-परवा सुरू झालं. सहाव्या महिन्यात ऑफिसला कुलूप. माझ्याजवळ उरली ती पावती. शिक्का तसाच, सही तशीच. पण त्या कागदामागे काहीच नव्हतं. मला १२ घरांत जाऊन सांगावं लागलं, की तुझे दोन हजार गेले. त्यातल्या एकीनं ते पैसे मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी धरले होते.

आता सुचेताताईंकडे येते.

त्यांचा जन्म १९६२ सालचा, मुंबईचा. शाळा मात्र बेळगावात झाली, सेंट जोसेफ कॉन्व्हेंटमध्ये. पुढे धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आणि मग मुंबई विद्यापीठातून कायद्याच्या दोन पदव्या घेतल्या. म्हणजे बघा, एका हातात आकडे आणि दुसऱ्या हातात कायदा. हा शिदोरीचा डबा घेऊन त्या १९८४ साली पत्रकारितेत आल्या. सुरुवात गुंतवणुकीवरच्या एका मासिकात, मग 'बिझनेस स्टँडर्ड', 'इकॉनॉमिक टाइम्स' अशी आर्थिक वर्तमानपत्रं, आणि नव्वदीच्या सुरुवातीला 'टाइम्स ऑफ इंडिया'. आडनाव दलाल, आणि पुढे आयुष्यात शोध लावला तो शेअर बाजारातल्या दलालांचा! असा योग.

त्या काळात पैशाच्या बातम्या हा पुरुषांचा प्रांत समजला जायचा. बाईनं लिहायचं तर पाककृती, मुलांचं संगोपन, फार तर फॅशन. बँक, बाजार, रोखे असल्या गोष्टींवर बाई प्रश्न विचारते म्हटल्यावर समोरचा आधी हसणार. आपल्यालाही हे नवीन नाही. बँकेत गेलं की अजूनही विचारतात, घरचं कुणी आलंय का बरोबर?

मग आलं १९९२ साल. त्याच्या आदल्या वर्षी देशाची आर्थिक धोरणं बदलली होती. नवे उद्योग येणार, पैसा येणार, असं वारं होतं. मुंबईचा शेअर बाजार उसळला. बाजार किती वर-खाली होतो ते मोजायला एक आकडा असतो, त्याला निर्देशांक म्हणतात. जानेवारीत तो दोन हजारांच्या आत होता. एप्रिलमध्ये तो साडेचार हजारांच्या जवळ गेला. चार महिन्यांत दुपटीहून जास्त! कारखान्यांत माल दुप्पट निघत नव्हता, शेतात पीक दुप्पट येत नव्हतं. पण शेअरची किंमत मात्र चढत होती. नोकरदार माणसं, निवृत्त माणसं, कुणी कर्ज काढून, कुणी ठेव मोडून शेअर घ्यायला धावली.

ह्या सगळ्याच्या मध्यभागी एक दलाल होता, हर्षद मेहता. त्याला 'बिग बुल' म्हणायचे, म्हणजे बाजाराला शिंगावर घेऊन वर उचलणारा बैल. वरळीला समुद्रासमोर मोठं घर, दारात परदेशी लेक्सस गाडी. मासिकांच्या मुखपृष्ठावर त्याचे फोटो. जो तो म्हणायचा, काय डोकं आहे माणसाला!

सगळे त्याच्या डोक्याचं कौतुक करत होते, तेव्हा विचारण्यासारखा प्रश्न अगदी साधा होता. आमच्या आजीचा. हा माणूस एवढे शेअर घेतो, तर त्याच्याकडे एवढा पैसा येतो कुठून?

ह्या प्रश्नाचं उत्तर बँकांत होतं. ते नीट समजून घेऊ या. ऐकायला अवघड वाटतं, पण आपल्या घरातल्या व्यवहारासारखंच आहे.

समजा, तुम्हाला १५ दिवसांसाठी पैशाची अडचण आहे. तुम्ही शेजारणीला म्हणता, माझ्या सोन्याच्या पाटल्या ठेव आणि पैसे दे, १५ दिवसांनी पैसे परत करते, पाटल्या परत दे. सरळ व्यवहार. बँकाही असंच करायच्या. पाटल्यांच्या जागी सरकारी रोखे. प्रत्येक बँकेला कायद्यानं ठरावीक हिस्सा सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो. एखाद्या बँकेला थोड्या दिवसांसाठी पैसे हवे असले, की ती दुसऱ्या बँकेला रोखे द्यायची आणि ठरलेल्या दिवशी परत विकत घ्यायची.

आता शेजारीण म्हणते, पाटल्या कशाला ने-आण करता, वाटेत हरवतील. नुसती चिठ्ठी द्या, की पाटल्या माझ्याकडे आहेत, मागाल तेव्हा देईन. ह्या चिठ्ठीला बँकांच्या भाषेत बँक रिसीट म्हणायचे. चिठ्ठीवर विश्वास ठेवून पैसे मिळू लागले. आणि चिठ्ठीवर पैसे मिळतात हे एकदा कळल्यावर, पाटल्या नसतानाच कुणी पाटल्यांची चिठ्ठी लिहून दिली तर?

नेमकं तेच झालं. दोन लहान बँका होत्या. एक मुंबईची मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक आणि दुसरी आपल्या सातारा जिल्ह्यातल्या कराडच्या नावाची, बँक ऑफ कराड. ह्या बँकांकडून अशा चिठ्ठ्या निघाल्या, ज्यांच्यामागे रोखे नव्हतेच. त्या चिठ्ठ्या दाखवून मोठमोठ्या बँकांकडून कोट्यवधी रुपये उचलले गेले.

दुसरी गोम चेकची होती. दोन बँकांच्या मध्ये दलाल असायचा. चेक निघायचा बँकेच्या नावानं, पण जमा व्हायचा दलालाच्या खात्यात. मोठा गिऱ्हाईक, जुना माणूस, त्याची ती सवलत. १५ दिवसांसाठी का होईना, बँकेचा पैसा त्याच्या खिशात. त्या पैशानं तो शेअर घेणार, शेअर वर जाणार, मग दुसऱ्या बँकेकडून उचलून पहिलीचे परत करणार. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. आणि सरकारी रोख्यांच्या नोंदी तेव्हा हातानं लिहिलेल्या वह्यांत व्हायच्या, त्या मागे पडलेल्या असायच्या. वहीशी चिठ्ठी ताडून कुणी बघत नव्हतं. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं.

आता पैसा कुणाचा? बँकेचा म्हणजे आकाशातून पडलेला नव्हे. कुणाची पेन्शन, कुणाचा पगार, कुणी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव. त्या ठेवीदाराला पत्ताही नव्हता, की आपला पैसा शेअर बाजारात जुगारासारखा फिरतोय.

गुरुवार, २३ एप्रिल १९९२. त्या दिवशी 'टाइम्स ऑफ इंडिया'त सुचेताताईंची बातमी आली. स्टेट बँकेच्या व्यवहारात ५०० कोटी रुपयांचा हिशेब लागत नाही आणि बँक त्या 'बिग बुल'ला तो पुरा करायला सांगते आहे, असा तिचा आशय. त्या वेळी त्या तिशीच्या होत्या.

असली बातमी छापणं म्हणजे काय जोखीम असते, ह्याचा विचार करा. देशातली सर्वांत मोठी बँक. देशातला सर्वांत गाजलेला दलाल. बाजारात पैसे लावलेली लाखो माणसं, त्यांना ही बातमी नकोच होती, कारण बातमी खरी ठरली तर त्यांचेच शेअर पडणार. बातमी खोटी ठरली तर नोकरी जाणार, कोर्टात खेचलं जाणार, वर लोक म्हणणार की बाईला काही कळत नव्हतं. अशा वेळी पत्रकाराजवळ एकच ढाल असते, कागद. ऐकीव गोष्टीवर बातमी उभी राहत नाही. एकानं सांगितलं तर दुसऱ्याकडून ताडून घ्यावं लागतं, तारीख लागते, रक्कम लागते, आणि ज्याच्यावर बोट दाखवायचं त्यालाही विचारावं लागतं, की तुझं काय म्हणणं? ह्यालाच शोध पत्रकारिता म्हणतात. त्यात जादू काही नाही. चिवटपणे हिशेब तपासायचा, एवढंच. आपली सीआरपी ताई कॅशबुक आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून बोट फिरवते ना, तेच काम मोठ्या प्रमाणावर.

बातमी खरी निघाली. पाच दिवसांनी, २८ एप्रिलला, एका दिवसात निर्देशांक शंभराला साडेबारापेक्षा जास्त घसरला. रिझर्व्ह बँकेनं जानकीरामन समिती नेमली. समितीनं कागद उलगडले तेव्हा ५०० कोटी हे नुसतं टोक होतं असं दिसलं. एकूण घोळ चार हजार कोटींच्या वर निघाला. संसदेनं सर्व पक्षांची संयुक्त समिती बसवली. हर्षद मेहताला त्याच वर्षी अटक झाली. ह्या खटल्यांसाठी मुंबईत खास न्यायालय स्थापन झालं. बँक ऑफ कराड बुडाली आणि पुढे १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियात गेली. हर्षद मेहताला एका खटल्यात १९९९ साली शिक्षा झाली आणि २००१ च्या अखेरीस कोठडीत असतानाच त्याचा मृत्यू झाला. कित्येक खटले त्याच्यामागेही चालूच राहिले.

काही गोष्टी सुधारल्या. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीला त्याच वर्षी कायद्याचं बळ मिळालं होतं, ते वापरण्याची वेळ आली. शेअरचे कागद जाऊन संगणकावरची खाती आली, १९९६ च्या कायद्यानंतर. हातानं लिहिलेल्या वह्यांच्या जागी अशा नोंदी आल्या, ज्या लगेच ताडता येतात.

सुचेताताईंना १९९२ सालचा चमेली देवी जैन पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार उत्तम काम करणाऱ्या महिला पत्रकारांना देतात. दुसऱ्या वर्षी त्यांनी आणि त्यांचे पती, पत्रकार देबाशिष बसू यांनी मिळून ह्या घोटाळ्यावर 'द स्कॅम' हे इंग्रजी पुस्तक लिहिलं. २०२० साली आलेली हर्षद मेहतावरची मालिका ह्याच पुस्तकावर बेतलेली. आपल्यापैकी कुणाच्या मुलांनी ती मोबाइलवर पाहिली असेल. मालिकेत दलाल लक्षात राहतो, त्याचे संवाद पोरांना पाठ असतात. तुमच्या पोरांना सांगा, त्यातली ती वही घेऊन फिरणारी बाई खरी आहे, ती लक्षात ठेवा.

पुष्कळ लोक एक मोठी बातमी देतात आणि आयुष्यभर तिच्यावर भाषणं करतात. सुचेताताई तिथे थांबल्या नाहीत. टाइम्समध्ये त्या आर्थिक संपादक झाल्या. १९९८ मध्ये इंडियन एक्स्प्रेस समूहात गेल्या. आपल्या कोकणातल्या दाभोळच्या एन्रॉन वीज प्रकल्पावर त्यांनी लिहिलं. २००१ मध्ये केतन पारेख नावाच्या दलालाचं प्रकरण उघडं पडलं, त्यावरही लिहिलं. तिथेही पुन्हा एक सहकारी बँक होती, अहमदाबादची माधवपुरा बँक. पुन्हा बँकेचा कागद, पुन्हा त्यामागे पैसा नाही, पुन्हा बुडाले ते साधे ठेवीदार. नऊ वर्षांत माणसं बदलली, पण युक्ती तीच. म्हणून मी म्हणते, एकदा युक्ती ओळखायला शिकलो, की नाव कुठलंही असू दे, ती पुन्हा ओळखता येते.

२००६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांचं आणि बसूंचं 'मनीलाइफ' हे मासिक सुरू झालं, आणि २०१० मध्ये सामान्य माणसांना पैशाचे व्यवहार समजावून सांगणारी, त्यांच्या तक्रारींसाठी झगडणारी 'मनीलाइफ फाउंडेशन' ही संस्था मुंबईत उभी राहिली.

२०१५ ची गोष्ट तर फार महत्त्वाची. त्यांच्याकडे एका नाव न सांगणाऱ्या माणसाचं पत्र आलं. राष्ट्रीय शेअर बाजारात काही दलालांना इतरांच्या आधी माहिती मिळते, असा त्यात आरोप होता. त्यांनी आधी शेअर बाजाराच्या अधिकाऱ्यांना विचारणा केली. उत्तर आलं नाही. मग लेख छापला. शेअर बाजारानं त्यांच्यावर १०० कोटींचा बदनामीचा दावा लावला. १०० कोटी! दोघांचं लहानसं मासिक ते. पण मुंबई उच्च न्यायालयानं त्यांचं लिखाण थांबवायला नकार दिला, आणि उलट शेअर बाजारालाच ५० लाख रुपये भरायला सांगितले. त्यातले दीड-दीड लाख ह्या दोघांना आणि बाकीचे ४७ लाख टाटा मेमोरियल आणि मसिना ह्या रुग्णालयांना गरीब रुग्णांसाठी.

ते पत्र त्यांच्याकडेच का आलं असेल? कारण ही बाई कागद तपासेल, घाबरणार नाही आणि पाठवणाऱ्याला उघडं पाडणार नाही, हा भरवसा तोवर लोकांना बसला होता. असा भरवसा पुरस्कारानं येत नाही, ३० वर्षांच्या कामानं येतो.

आता एक कडू गोष्टही सांगते. पत्रकार बातमी देतो, पण बुडालेला पैसा परत आणून देऊ शकत नाही. २३ एप्रिलच्या बातमीनं चोरी थांबली, पण ज्यांनी २२ एप्रिलला शेअर घेतले होते त्यांचं नुकसान झालंच. आग लागल्यावर घंटा वाजवणारा माणूस हवाच. पण आपल्या घरातली चूल आपणच बघायची असते. म्हणून ही गोष्ट मुंबईची असली तरी आता पनवेलला यायला हवं.

आपल्या भागात पैसा कसा आला ते आपल्याला माहीत आहे. जमिनी गेल्या, मोबदला आला, साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. त्यासाठी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जणांनी जीव दिला. मग विमानतळ आला. ज्या घरांत भात आणि मासळी हाच पैसा होता, तिथे एकदम लाखांत रक्कम आली. आणि पैशाच्या मागोमाग पैसा दुप्पट करून देणारेही आले. गुळाला मुंग्या याव्यात तसे.

बँकांचंही आपल्या जिल्ह्यानं बघितलं आहे. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि लाखाहून जास्त ठेवीदार रांगेत उभे राहिले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं रद्द केला. तुमच्यापैकी काही जणींच्या घरात ती पासबुकं अजून असतील. त्यांना मी काय शिकवणार? त्यांनीच आम्हाला शिकवावं.

पण काही गोष्टी प्रत्येकीला ठाऊक असाव्यात, त्या सांगते. घरी कुणी लिहू शकत असेल तर लिहून घ्या.

बँक बुडाली तर माणशी, प्रत्येक बँकेमागे, पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. हे २०२० पासून आहे, आधी तो एकच लाख होता. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले तरी ९० दिवसांत ह्या विम्याचे पैसे मिळण्याची तरतूद झाली आहे. सहकारी बँकांनाही हा विमा असतो. पण नीट ऐका, पतसंस्थेला हा विमा नसतो. पाटी सारखीच दिसते, काउंटर सारखाच दिसतो, आत एसीही असतो, पण बँक वेगळी आणि पतसंस्था वेगळी. पतसंस्था वाईट असं मी म्हणत नाही, पुष्कळ चांगल्या आहेत. पण विमा कुठे आहे आणि कुठे नाही हे माहीत असून ठेवा.

दुसरं, परवानगी नसताना लोकांकडून ठेवी गोळा करायला २०१९ च्या केंद्राच्या कायद्यानं बंदी आहे. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राचा आपला १९९९ चा कायदाही आहे. कुणी फसवलं तर पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जाता येतं. रिझर्व्ह बँकेचं 'सचेत' नावाचं संकेतस्थळ आहे, तिथे अमकी कंपनी ठेवी घेऊ शकते का हे बघता येतं, तक्रारही करता येते. गटातल्या कुणाच्या मुलीला मोबाइलवर काढून द्यायला सांगा.

तिसरं, चेकची गोष्ट आठवा. चेक बँकेच्या नावाचा आणि जमा झाला दलालाच्या खात्यात. आपल्याकडे तर चेकही नसतो, नोटा माणसाच्या हातात देतो. म्हणून पैसा भरायचा तो संस्थेच्या नावे, संस्थेच्या काउंटरवर, आणि पासबुकात नोंद करूनच उठायचं. दारात येणारा माणूस कितीही गोड असला तरी तो संस्था नाही. आणि पावती म्हणजे पाटल्यांची चिठ्ठी. पाटल्या आहेत का ते बघणं आपलं काम.

चौथं, सही करणाऱ्या दोघीही बँकेत जा. एकीनं कोऱ्या चेकवर सही करून दुसरीला देऊन ठेवायची, ही सवय मोडा. विश्वास नाही म्हणून नव्हे. विश्वास टिकावा म्हणून. विश्वास तर पानिपतच्या लढाईत गेला असं आपण हसत म्हणतो. त्याला बैठकीत धरून ठेवायचा असेल तर वही उघडी हवी.

आणि पाचवं, आजीचा प्रश्न. कुणी जास्त व्याज सांगितलं की विचारा, पैसा येतो कुठून? तुमचा धंदा काय, त्यात एवढा नफा कसा? ह्याचं सरळ उत्तर देता येत नसेल, तो हसला, चिडला किंवा म्हणाला की बाई तुम्हाला नाही कळायचं, तर समजा, की नेमकं जे कळायला हवं ते तुम्हाला कळलंय.

आमच्या गटाचं पुढे काय झालं, ते विचाराल. आम्ही तक्रार केली. पैसे परत आले नाहीत. दोघी गट सोडून गेल्या, त्यांचा राग मी समजू शकते. मी सचिवपद सोडायला निघाले तेव्हा आजीच म्हणाली, "तू चोरी नाही केलीस, तू फक्त विचारलं नाहीस. आता विचारायला शीक." आम्ही दहा जणींनी पुन्हा शून्यातून बचत सुरू केली. ज्या बाईच्या मुलीची फी अडली होती, तिला गटाचं पहिलं अंतर्गत कर्ज दिलं. त्या मुलीचं कॉलेज पूर्ण झालं. आता तीच आमचं कॅशबुक तपासते, आणि मला सोडत नाही हो. दहा रुपयांचा फरक असला तरी उभं करते.

आजीला वाचता येत नाही. पण बैठक सुरू झाली की ती म्हणते, पासबुक वाच. मग मी मोठ्यानं वाचते, तारीख, जमा, खर्च, शिल्लक. आजी बोटांवर मोजत ऐकते. मागच्या महिन्याची शिल्लक तिच्या डोक्यात असते, ती जुळली तरच मान हलवते. सुचेताताईंनी संख्याशास्त्र शिकून जे केलं, ते आजी बोटांवर करते.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं करा. हजेरी झाली, बचत जमा झाली, की पासबुक मधोमध ठेवा आणि एकीनं मोठ्यानं वाचून दाखवा. जिला वाचता येत नाही तिच्यासाठी तर नक्कीच. आणि कुणी प्रश्न विचारला तर हसू नका. आम्ही हसलो होतो, त्याचे २४,००० रुपये पडले.